एका कान्याचे अंतर

बोस्निया-हर्झेगोविनातल्या मोस्तार शहराच्या जुन्या पुलाच्या तोंडाशी एक ओबडधोबड दगड ठेवलेला आहे. त्यावर इंग्रजी अक्षरांत रंगवले आहे : '93 विसरू नका.' आमच्या सहलीतले बहुतेक जण त्या दगडापाशी उभे राहून फोटो काढून घेत होते. त्र्याण्णव साली नेमके काय झाले, असे एका काकूंनी विचारले, तेव्हा आमच्या टूर मॅनेजरने अदबीने सांगितले, "काकू, युद्धात हा पूल पडला, मग युनेस्कोने तो परत बांधला." काकूंचे समाधान झाले आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.

मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकून राहिलो. पूल पडला नव्हता. 1566 साली बांधून झालेला, चारशे सत्तावीस वर्षे नेरेत्वा नदीवर उभा असलेला तो पूल, बोस्नियाच्या 1992 ते 1995 च्या युद्धात, 9 नोव्हेंबर 1993 रोजी बोस्नियन क्रोएट सैन्याने तोफा डागून पाडला. 'पडला' आणि 'पाडला' यांत लिहिताना एका कान्याचा फरक आहे. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत : माणूस मरतो आणि माणसाला मारतात, घर जळते आणि घर जाळतात. पहिल्या क्रियापदाला दुसऱ्या कोणाची गरज नसते, दुसऱ्याला लागते. युद्धातल्या अत्याचारांच्या जागा पर्यटकांना दाखवताना हा काना फार सहज गाळला जातो, आणि माझे म्हणणे असे आहे की वंशसंहाराच्या इन्काराची सुरुवात तिथूनच होते. 'असे काही घडलेच नाही' असे छातीठोकपणे सांगणारा माणूस लगेच ओळखू येतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. 'युद्धात फार लोक मेले हो' असे हळहळून सांगणारा ओळखू येत नाही. त्याचे ऐकून आपणही हळहळतो आणि पुढच्या ठिकाणाकडे वळतो.

मोस्तार हे यातले सौम्य उदाहरण झाले. तिथे निदान दगड आहे, संग्रहालये आहेत, विचारले तर सांगणारी माणसे आहेत. हा काना गाळण्याचे काम एखादे अख्खे गाव कसे करू शकते, ते पाहायचे असेल तर बोस्निया-हर्झेगोविनाच्या पूर्व टोकाला, सर्बियाच्या सीमेजवळ, द्रिना नदीकाठी वसलेल्या विशेग्रादकडे पाहावे लागते. इथेही एक पूल आहे आणि त्याची कीर्ती मोठी आहे. ऑटोमन साम्राज्याचा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने सोळाव्या शतकात मिमार सिनान या थोर वास्तुकाराकडून तो बांधून घेतला. अकरा कमानींचा हा पूल 2007 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. इवो आंद्रिच यांनी या पुलावर कादंबरी लिहिली आणि 1961 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पर्यटकाला हे सगळे सांगितले जाते, आणि ते सांगण्यासारखेच आहे. पूल कोणी बांधवून घेतला, कोणी बांधला, कोणी त्यावर लिहिले, प्रत्येक गोष्टीला तिचा करणारा आहे. 1992 सालापाशी आले की करणारे नाहीसे होतात.

1991 च्या जनगणनेत विशेग्राद परिसरातल्या सुमारे एकवीस हजार लोकांपैकी 63 टक्क्यांच्या आसपास बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुसलमान होते. पुढच्या वर्षीच्या वसंत आणि उन्हाळ्यात बोस्नियन सर्ब निमलष्करी टोळ्यांनी यांतले बरेचसे लोक मारले आणि उरलेल्यांना हाकलून दिले. यातल्या एका टोळीचा म्होरक्या मिलान लुकिच हा त्याच भागातला होता आणि आपण कोणाला मारतो आहोत हे त्याला ठाऊक होते. माणसांना पुलावर आणून, गोळ्या घालून किंवा भोसकून द्रिनेत फेकून देण्यात आले. 2010 साली दुरुस्तीसाठी खालच्या पेरुचात्स धरणाचे पाणी उतरवले, तेव्हा गाळातून शंभराहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. जागतिक वारशाच्या या पुलावर उभे राहिलेल्या पर्यटकाला हे सांगणारा एक फलक तिथे नाही. ज्यांची माणसे गेली ते लोक दरवर्षी येतात, पुलावरून गुलाबाची फुले पाण्यात सोडतात आणि परत जातात, कारण त्यांतल्या बहुतेकांचे घर आता विशेग्रादमध्ये नाही.

पियोनिर्स्का या रस्त्यावरचे एक घर मला इथे थोडे जवळून दाखवायचे आहे. 14 जून 1992 रोजी जवळच्या कोरित्निक गावातून हुसकावलेल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे या घराच्या एका खोलीत कोंडली गेली. आधी त्यांचे पैसे आणि दागिने काढून घेतले गेले. मग घराला आग लावली आणि खिडकीतून उड्या टाकणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक माणसे जळाली. त्यांत काही दिवसांचे एक बाळही होते. तेरा दिवसांनी बिकावात्स भागातल्या एका घरात हाच प्रकार पुन्हा झाला आणि त्यातून एकच स्त्री जिवंत बाहेर पडली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2009 साली मिलान लुकिचला जन्मठेप दिली आणि 2012 साली अपिलातही ती कायम राहिली. म्हणजे या घराविषयी शंकेला जागा नाही. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, निकाल लागला. तरीही रस्ता करायचा म्हणून नगरपालिकेने हे घर पाडायचा घाट घातला. स्वतः अत्याचार भोगलेल्या आणि पुढे अशा स्त्रियांची संघटना उभी केलेल्या बाकिरा हासेचिच यांनी वर्षानुवर्षे भांडून ते वाचवले. 'घर जळले' आणि 'घर जाळले' यांतला काना पुसण्यासाठी आधी घरच नाहीसे करावे लागते, हे त्या नगरपालिकेला नीट कळले होते.

या गावातल्या मुसलमान दफनभूमीत एक स्मारकशिला आहे. त्यावर मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता असलेल्या बोस्नियाकांना 'वंशसंहाराचे बळी' म्हटले होते. जानेवारी 2014 मध्ये पोलीस बंदोबस्तात नगरपालिकेची माणसे आली आणि त्यांनी यंत्राने घासून त्यातला 'वंशसंहार' हा शब्द तेवढा काढून टाकला. बाकीचा मजकूर तसाच राहिला. त्यानंतर तिथल्या विधवांनी त्या खरवडलेल्या जागी लिपस्टिकने तो शब्द पुन्हा लिहिला.

इथे नगरपालिकेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती वरवर तरी कायद्याला धरून आहे. 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट, गट म्हणून, संपूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार. हा हेतू सिद्ध व्हावा लागतो. बोस्नियाच्या युद्धात तो हेगच्या न्यायालयांनी फक्त स्रेब्रेनित्सा या दुसऱ्या गावाच्या बाबतीत सिद्ध मानला. विशेग्रादच्या बाबतीत नाही. विशेग्रादमधल्या गुन्हेगारांना शिक्षा झाली ती मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी, त्यांत सामूहिक संहारासाठी. तेव्हा न्यायालयाने न वापरलेला शब्द दगडावर नको, असा त्यांचा युक्तिवाद. मी हा युक्तिवाद गांभीर्याने घेतो आणि म्हणूनच विचारतो की न्यायालयाने वापरलेले शब्द मग त्या जागी का कोरले नाहीत? 'मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे बळी' असे लिहिता आले असते. 'सामूहिक संहाराचे बळी' असे लिहिता आले असते. पुलावर, घरावर, जिथे माणसे कोंडली त्या शाळेवर निकालपत्रातले एखादे वाक्य लावता आले असते. यातले काही झाले नाही. अचूकतेची एवढी चाड असणाऱ्यांनी शब्द काढला आणि जागा कोरी ठेवली. न्यायालयाचा निकाल एक शब्द पुसायला उपयोगी पडला आणि दुसरा लिहायच्या वेळी कोणाला आठवला नाही, एवढ्यावरून हेतू कळायला हरकत नसावी.

गावापासून सातेक किलोमीटरवर, झाडीने भरलेल्या डोंगरात, 'विलिना व्लास' नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे आरोग्यकेंद्र आणि हॉटेल आहे. 1992 साली लुकिचच्या टोळीचा तळ इथे होता. इथे स्त्रिया आणि मुली कोंडून ठेवल्या गेल्या, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार झाले आणि त्यांतल्या अनेकींना नंतर मारून टाकले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आयोगाच्या अहवालात अशा सुमारे दोनशे स्त्रियांचा उल्लेख आहे. युद्ध संपल्यावर हॉटेल पुन्हा सुरू झाले आणि सांधेदुखीवर उपचार घेणारे लोक त्याच खोल्यांत राहू लागले. 2008 साली ऑस्ट्रेलियाची किम व्हरको ही रंगकर्मी बोस्नियात एकटी फिरत होती. तिच्या हातातल्या प्रवास-मार्गदर्शकात हे हॉटेल सुचवले होते, म्हणून तिने तिथे एक रात्र काढली. त्या रात्री तिला झोप आली नाही, का ते तिला कळले नाही. घरी परतल्यावर इंटरनेटवर शोधताना तिला कळले की आपण कुठे झोपलो होतो. पुढे तिने यावर नाट्यप्रयोग केला आणि यास्मिला झ्बानिच या बोस्नियन दिग्दर्शिकेने त्यावर चित्रपट काढला.

मला या घटनेतले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते ते हे की तिच्याशी कोणी खोटे बोलले नव्हते. मार्गदर्शकात लिहिलेले प्रत्येक वाक्य कदाचित खरेच असेल. झाडी आहे, गरम पाणी आहे, शांतता आहे. तिला फक्त काही सांगितले गेले नाही, आणि तेवढ्याने ती, खोलीचे भाडे भरून, त्या न सांगण्यात सामील झाली. हा दोष तिचा नव्हे. पण कळल्यावर ती गप्प बसली नाही, हे महत्त्वाचे. याच्या उलट उदाहरण पीटर हांडके या ऑस्ट्रियन लेखकाचे. युद्धानंतर लगेचच, 1996 साली, त्याने या भागाचे प्रवासवर्णन लिहिले आणि त्यात विशेग्रादच्या हत्यांविषयी बातमीदारांनी लिहिलेल्या मजकुरावर शंका घेतली : इतके झाले असते तर गावात तसे काही दिसले नसते का, अशा अंगाने. त्याला 2019 साली नोबेल मिळाले आणि 2021 साली हांडके आणखी एक सन्मान स्वीकारायला विशेग्रादला पोहोचला. प्रवासवर्णन हा आपल्या मराठीतला लाडका प्रकार आहे, म्हणून हे सांगावेसे वाटते. जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, या दाव्याला आपल्याकडे फार मान आहे. पण ज्या गावातून साक्षीदारच मारून किंवा हाकलून टाकले आहेत, तिथे डोळ्यांना काय दिसणार? डोळ्यांना दिसतो पूल, नदी आणि कॉफी पिणारी माणसे.

त्या सन्मानाची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नदीच्या संगमाजवळ, चित्रपट-दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा यांच्या कल्पनेतून 'आंद्रिचग्राद' नावाचे दगडी नगर उभारले गेले आणि 28 जून 2014 रोजी त्याचे थाटात उद्घाटन झाले. रस्ते, चौक, चित्रपटगृह, पुतळे, सगळे नवे, सगळे जुने वाटावे असे. 1992 साली याच जागी असलेल्या क्रीडासंकुलात बोस्नियाकांना डांबले होते, असे त्यातून जिवंत राहिलेले लोक सांगतात. लेखकाच्या नावाने वसवलेल्या या नगरात पर्यटक दिवसभर रमतात, आणि पियोनिर्स्काचे ते घर बहुतेकांच्या वाटेवर येतच नाही.

आता स्रेब्रेनित्सा. विशेग्रादहून ते फार दूर नाही, पण सांगण्याच्या बाबतीत ते दुसरे टोक आहे. 11 जुलै 1995 रोजी, संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेले हे गाव जनरल रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने घेतले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. जवळच्या पोतोचारीच्या स्मारकावर 8,372 हा आकडा कोरला आहे. त्यानंतर काही महिन्यांनी, गुन्हा लपवण्यासाठी, सैन्याने यंत्रे लावून सामूहिक कबरी उकरल्या आणि प्रेते दुसरीकडे नेऊन पुरली. त्यात शरीरे तुटली; एकाच माणसाचे अवशेष दोन-तीन कबरींत, किलोमीटर किलोमीटर अंतरावर सापडले. इन्कार हा पुढच्या पिढीच्या राजकारण्यांनी शोधून काढलेला नाही. तो गुन्ह्याचाच पुढचा टप्पा होता, तोही यंत्रे लावून आणि डिझेल जाळून पार पाडलेला. त्याला उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेतून : डीएनए जुळवून सुमारे सात हजार माणसांची ओळख पटवली गेली, आणि अजूनही दर 11 जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. काही आया एखाद्या हाडावर समाधान मानून मुलाला पुरतात, काही आणखी अवशेष सापडतील म्हणून थांबतात.

पोतोचारीला डच शांतिसैनिकांचा तळ ज्या बॅटरी कारखान्यात होता, तिथेच आता संग्रहालय आहे आणि समोर पांढऱ्या शिळांची दफनभूमी. तिथे माहिती देणाऱ्यांत त्या दिवसांतून वाचलेले लोक आहेत. त्यांच्या सांगण्यात काना गाळलेला नसतो. कोणी हुकूम दिला, कोणत्या दलाने अमलात आणला, डच सैनिकांनी काय केले आणि काय केले नाही, सगळे नावानिशी येते. आणि यासाठीच मला अशा सहलींची बाजू घ्यायची आहे. दुसऱ्यांच्या मरणाच्या जागी तिकीट काढून जायचे, फोटो घ्यायचे आणि संध्याकाळी जेवायला बसायचे, हे असभ्य आहे, असा आक्षेप माझ्या ओळखीतल्या सुजाण माणसांनीही घेतला आहे. त्यात तथ्य आहे; कबरींच्या पार्श्वभूमीवर हसऱ्या चेहऱ्याचा फोटो काढणाऱ्याला तिथून उठवलेच पाहिजे. पण ज्या आईने तीस वर्षे शोधून मुलाचे एक हाड पुरले, ती परक्या माणसाला ते सांगायला स्वतः उभी राहते, तेव्हा ऐकायला न जाणे हा सभ्यपणा कोणाच्या सोयीचा असतो, याचाही विचार व्हावा. ज्यांनी कबरी उकरल्या, त्यांना हेच हवे होते की कोणी येऊ नये.

मे महिन्याच्या सहलीत न बसणारी आणखी एक गोष्ट तिथे दर जुलैत होते. नेझुक गावापासून पोतोचारीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर लोक तीन दिवस पायी चालतात. 1995 साली स्रेब्रेनित्सातून जीव वाचवायला निघालेले हजारो पुरुष ज्या जंगलवाटेने गेले आणि वाटेत मारले गेले, तीच वाट, उलट दिशेने. आषाढात वारीला जाणाऱ्या आपल्या लोकांना पायी चालण्यातला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तिथे चालणाऱ्याला गाइडची गरज नसते. शेजारी चालणारा माणूसच मध्येच थांबून एखादी उतरण दाखवतो.

त्याच परिसरात क्रावित्सा हे गाव आहे, आणि इथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा होते. 13 जुलै 1995 रोजी इथल्या शेतकी सहकारी संस्थेच्या गोदामात हजाराहून अधिक कैद्यांना बंदुकांनी आणि हातबॉम्बनी मारले. त्या गोदामावर काय घडले ते सांगणारी पाटी नाही. त्याच गावात, रस्त्यावरून दिसेल असा, एक उंच क्रूस उभा आहे. तो सर्ब मृतांच्या स्मरणार्थ आहे. 7 जानेवारी 1993 रोजी, ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी, स्रेब्रेनित्सातल्या बोस्नियाक सैनिकांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या भुकेल्या लोकांनी या गावावर हल्ला केला होता आणि त्यात सर्ब माणसे मारली गेली. स्रेब्रेनित्साचा इन्कार करणारे नेहमी या क्रूसाकडे बोट दाखवतात. त्यांना उत्तर म्हणून क्रूस झाकायचा नाही. गाइडने दोन्ही जागी थांबावे आणि दोन्ही जागी पूर्ण वाक्य बोलावे : कोणी, कोणाला, केव्हा, किती. असे बोलले की दोन्ही घटना आपापल्या मापाने उभ्या राहतात. एका गावावरचा हल्ला आणि एका समाजाचे पुरुष वेचून संपवण्याची योजना यांत काय फरक आहे, ते ऐकणाऱ्याला कळते. 'दोन्ही बाजूंनी वाईट झाले' या गुळमुळीत वाक्यात मात्र क्रावित्साचे सर्बही नीट आठवले जात नाहीत आणि गोदामातले बोस्नियाकही नाहीत.

हीच कसोटी सारायेवोला लावली पाहिजे, नाहीतर माझे सगळे बोलणे एकांगी ठरेल. 1,425 दिवसांच्या वेढ्यातून गेलेल्या या शहरात युद्धाच्या सहली भरपूर निघतात : विमानतळाखालून खोदलेला बोगदा, तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत भरलेले लाल रंगाचे 'गुलाब', ज्या ट्रेबेविच डोंगरावरून तोफा डागल्या जात तिथवर जाणारी केबल कार. सांगणारे अनेक जण वेढ्यात लहान होते आणि त्यांचे सांगणे ऐकावे असेच असते. पण त्याच ट्रेबेविचच्या उतारावर काझानी नावाची दरी आहे. सरकारी बोस्नियन सैन्याच्या एका ब्रिगेडचा प्रमुख मुशान टोपालोविच आणि त्याच्या माणसांनी शहरातल्या नागरिकांना, मुख्यतः सर्बांना, मारून तिथे टाकले. सारायेवोच्या महापौर बेन्यामिना कारिच यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये तिथे स्मारक उभारले. हे मोठे धाडस होते आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्या लोकांचे बोलणे खावे लागले. पण त्या स्मारकावर मृतांची नावे आहेत, मारणारे कोण होते ते नाही. टीका झाली ती याच उणिवेवर, आणि ती योग्य होती. वेढा सोसलेल्या, अकरा हजारांहून अधिक माणसे गमावलेल्या शहरालाही तो काना लिहिताना हात जड होतो, तर इतरांना किती जड होत असेल याची कल्पना येते.

कायद्याने हे सुटेल का? जुलै 2021 मध्ये युद्धानंतरच्या शांतता करारावर देखरेख ठेवणारे बोस्नियातले आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी व्हालेंटिन इंझ्को यांनी जाता जाता आपल्या अधिकारात दंडसंहिता बदलली आणि न्यायालयाने सिद्ध मानलेल्या वंशसंहाराचा इन्कार किंवा दोषींचे उदात्तीकरण हा तुरुंगवासाचा गुन्हा केला. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. 2016 साली पाले गावातल्या विद्यार्थी वसतिगृहाला बोस्नियन सर्बांचा युद्धकाळातला नेता रादोवान काराजिच याचे नाव देण्यात आले होते, तेही त्याच्या खटल्याचा निकाल लागण्याच्या तोंडावर; अशा गोष्टींना अटकाव हवाच. 2018 साली तर 'सर्ब प्रजासत्ताक' म्हणवणाऱ्या बोस्नियातल्या स्वायत्त भागाच्या विधानसभेने, स्रेब्रेनित्साच्या हत्या मान्य करणारा स्वतःच्याच आयोगाचा 2004 सालचा अहवाल रद्द केला. पण कायदा बोलणाऱ्याला पकडतो. विशेग्रादच्या पुलावर आंद्रिचची कादंबरी समजावून सांगणारा आणि 1992 विषयी मूग गिळून बसणारा गाइड कोणतेच कलम मोडत नाही. हॉटेलच्या माहितीपत्रकात झऱ्याच्या पाण्याचे गुण छापणारा मोडत नाही. 2008 साली काराजिच पकडला गेल्यावर काही आठवड्यांतच बेलग्रेडमध्ये, तो नाव बदलून जिथे राहिला आणि जिथे बसायला जायचा त्या जागा दाखवणारी सहल सुरू झाली होती. त्या सहलीतही वंशसंहार नाकारण्याची गरज पडत नव्हती. तो विषयच त्या फेरीत नव्हता.

बोस्नियाच्या वायव्येकडच्या प्रियेदोर गावाजवळच्या ओमार्स्का लोहखाणीचाही उल्लेख करायला हवा, कारण तिथला धागा आपल्यापर्यंत येतो. 1992 साली या खाणीच्या इमारतींत बोस्नियाक आणि क्रोएट लोकांना डांबून त्यांचा छळ केला गेला आणि शेकडो मारले गेले. 2004 साली ही खाण भारतीय वंशाचे लक्ष्मी मित्तल यांच्या पोलाद उद्योगसमूहाच्या ताब्यात आली. पुढच्या वर्षी तिथे स्मारक करण्याची घोषणा झाली आणि स्थानिक विरोधापुढे ती बारगळली. वाचलेले लोक ऑगस्टमध्ये एका दिवसापुरते आत येऊन फुले ठेवत. याच भागात त्र्नोपोल्येच्या छावणीच्या जागी स्मारक आहे, पण ते सर्ब सैनिकांचे. 'आम्ही व्यापारी, आम्हाला दोन्ही बाजूंशी नीट राहायचे आहे', ही भूमिका समजण्यासारखी आहे. जमिनीच्या मालकाने गप्प राहण्याचे ठरवले की ते गप्प राहणे कोणत्या बाजूचे होते, हे मात्र प्रियेदोरच्या त्या आयांना विचारावे, ज्या मारल्या गेलेल्या 102 मुलांसाठी गावात एक लहानसे स्मारक मागत आहेत.

विशेग्रादच्या तरुण मुलांचा प्रश्न यात मला सर्वांत अवघड वाटतो. 1992 नंतर जन्मलेल्या, हॉटेलात काम करून घर चालवणाऱ्या मुलीने प्रत्येक पाहुण्याला बलात्कारांची हकीकत का सांगावी? तिचा काही गुन्हा नाही, आणि तिच्या बापाचाही असेलच असे नाही. तिच्यावर हे ओझे टाकू नये, असेच मी म्हणेन. म्हणूनच ते भिंतीवर लिहिलेले असले पाहिजे. फलक असला की तिला बोलावे लागत नाही, आणि न बोलण्याचा दोषही तिच्यावर येत नाही. फलक नसला की विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर तिला एकतर खोटे बोलावे लागते किंवा नजर वळवावी लागते, आणि असे वीस वर्षे केल्यावर माणसाला स्वतःचेच खरे वाटू लागते.

पुण्या-मुंबईहून बाल्कन देशांच्या सहली आता नेमाने निघतात. त्यांत विशेग्राद सहसा नसते, स्रेब्रेनित्साही नसते. मोस्तार असते, तासा-दीड तासाचे. आमच्या टूर मॅनेजरवर माझा राग नाही. चाळीस माणसांची जेवणे, औषधे आणि हरवलेली पाकिटे सांभाळून तो मुलगा जे पाठ केले ते सांगत होता, आणि त्याला पाठ करायला तेवढेच दिले होते. परत आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिले आणि मोस्तारसाठी चार वाक्ये सुचवली. ती अशी : 'हा पूल 1566 साली मिमार हैरुद्दीन याने बांधला. 9 नोव्हेंबर 1993 रोजी बोस्नियन क्रोएट सैन्याने तोफा डागून तो पाडला. त्या वर्षी याच सैन्याने नदीच्या पूर्व काठावरच्या बोस्नियाक वस्तीला महिनोन्महिने वेढा घातला होता. 2004 साली पूल पुन्हा बांधून खुला झाला.' घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिले. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागत नाही.